कापलेली हाक

हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेलं आहे. मित्राच्या मित्राचं ऐकीव नाही. ज्यांना खाली 'काहीही फेकतोय' असं लिहायचं असेल त्यांनी आत्ताच लिहून घ्यावं आणि निघावं. मला कुणाला पटवायचं नाहीये. छातीवर बसलंय ते उतरवायचंय, बस.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात मध्यरात्र नाही, पडका बंगला नाही, कुणाचे पाय उलटे नाहीत. शनिवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली रस्त्यावर एक गाडीवाला कुणाच्या तरी नावाने हॉर्न बडवत होता.

अशा दुपारी हे झालं.

मामाचं काम जुन्या गाण्यांची सफाई करायचं. एका रेकॉर्ड कंपनीत, दुकानांच्या रांगेवरच्या मजल्यावर त्याची खोली होती. भिंतींना करडा स्पंज, खिडकीला जाड पडदा, दोन रेकॉर्डप्लेअर, एक जुनं टेपमशीन, एक कॉम्प्युटर, आणि एक खुर्ची, जिचं बूड मामाच्या बुडाच्या आकाराचं झालेलं. जुनी रेकॉर्ड यायची, तिची खरखर, टकटक, घरघर काढून मामा ती स्वच्छ करायचा. स्वतःला दोन ओळी धड गाता यायच्या नाहीत, पण भिंतीपलीकडे कुणाचा सूर घसरला तर याचा चेहरा आंबट व्हायचा. ऑफिसात सगळे त्याला 'कानसेन' म्हणायचे.

त्या कंपनीचं एकच गाणं खऱ्या अर्थाने गाजलं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी.

गॉस्पेल. म्हणजे चर्चमधली मंडळी टाळ्या वाजवत गातात ते. त्यात एकजण हाक देतो आणि बाकीचे ओ देतात. हाक, ओ. हाक, ओ. असं ते चढत जातं.

गाण्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही शोधून लावाल.

नका लावू.

गाणं असं आहे की एक नाव निघालीय, सगळे पलीकडच्या काठाला चाललेत, तिकडे उजेड आहे, तिकडे घर आहे. टाळ्या, ऑर्गन, चाळीस गळे. आणि बरोबर मध्यावर सगळं थांबतं. टाळ्या थांबतात. ऑर्गन थांबतो. आणि त्या शांततेत एक कोवळी मुलगी म्हणते...

'मी राहिले.'

एवढंच. मग पुन्हा टाळ्या सुरू.

लोक वेडे झाले त्या दोन शब्दांवर. पाद्र्यांनी त्यावर प्रवचनं दिली. शहाण्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली, म्हणे हे आत्म्याचं एकटेपण आहे. कसलं डोंबलाचं एकटेपण. ती कात्रीची चूक होती.

मला माहीत आहे, कारण ती मुलगी म्हणजे माझी मामी.

मामी तेव्हा शाळेत होती. चर्चच्या मंडळीत दोघी बहिणी गायच्या. मोठीला घरात थोरली म्हणायचे, मामीला धाकटी. मधलं कडवं थोरलीचं होतं. सगळे थांबायचे आणि थोरली एकटी हाक द्यायची, 'कोण राहिलं मागे?' धाकटीने ओ द्यायची, 'मी राहिले.' मग थोरली पुढची ओळ गायची आणि सगळी मंडळी तिच्यामागे उसळायची.

रेकॉर्डिंग झालं. मालकाने ऐकलं. म्हणाला, गाणं लांब होतंय, रेडिओवाले वाजवणार नाहीत. आणि हिचा आवाज फाटका आहे. काढा हिला.

काढलं. ब्लेडने टेप कापली आणि थोरली कचऱ्याच्या टोपलीत गेली. पण कापणाऱ्याचा हात घाईत होता. हाक कापली, हाकेनंतरची शांतता राहिली. पुढची ओळ कापली, मधली ओ राहिली.

थोरलीला कुणी सांगितलंसुद्धा नाही. एवढी माणुसकी त्या मालकात नव्हती. तिने रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली ती रस्त्यावर, एका दुकानाबाहेर उभी राहून, हातात भाजीची पिशवी. आपलं कडवं येणार म्हणून थांबली होती. आलं नाही. घरी येऊन धाकटीला एवढंच म्हणाली, "काय गं, मी तर तिथे नाहीच. मग तू ओ कुणाला दिलीस?"

त्यानंतर ती गायली नाही. त्याच थंडीत छातीच्या आजाराने गेली.

तिचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता. एकही टेप नाही, काही नाही. मामी रेडिओवर ते गाणं लागलं की उठून बंद करायची. चेष्टेने म्हणायची, "मेलं माझंच भूत मला ऐकवतात." आणि पुन्हा शिवणाच्या मशीनवर बसायची. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं शिवायची ती. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. मशीनची खडखड हाच त्या घराचा आवाज होता.

आता मुद्द्यावर येतो.

म्हातारा मालक मेला. मुलगा गादीवर बसला. त्याला सगळे छोटे मालक म्हणायचे, वजन शंभराच्या पुढे असूनही. एक दिवस तो मामाच्या खोलीत आला.

"कानसेन, आपलं ते गाणं. जितक्या आवृत्त्या निघाल्या तितक्या सगळ्या एका पेटीत काढायच्या. छोटी रेकॉर्ड, मोठी रेकॉर्ड, रेडिओसाठी कापलेली, नंतर ढोल घुसडलेली. कुठे काय वेगळं आहे ते सांगा. लोकांना असली खाज असते."

"कापलेलं कडवं मिळालं असतं तर पेटी खपली असती," मामा म्हणाला. टोमणा होता तो.

"कसलं कडवं?"

छोट्या मालकाला माहीतच नव्हतं. मामाने पुढे काही सांगितलं नाही.

दोन आवृत्त्यांतला फरक शोधायची मामाची एक पद्धत होती. ती समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. तो त्याला वजाबाकी म्हणायचा. दोन आवृत्त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि केसभरही मागेपुढे होणार नाही अशा जुळवायच्या. मग एकीची आवाजाची लाट उलटी करायची, वरचं खाली नि खालचं वर, आणि दोन्ही एकदम वाजवायच्या. दोन्हीत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो तो फक्त फरक. समजा एकीत ढोल जास्त आहे, तर गाणं सगळं नाहीसं होतं आणि नुसता ढोल ऐकू येतो.

आणि दोन्ही अगदी सारख्या असतील तर काहीच ऐकू येत नाही.

मामाने सुरुवात सोप्यापासून केली. छोट्या रेकॉर्डच्या दोन प्रती, एकाच साच्यातून निघालेल्या. त्यांची वजाबाकी केली तर थोडी खरखर उरायला हवी. दुसरं काही नाही. मशीन नीट चालतंय ना, एवढंच बघायचं होतं.

लावलं.

खरखर. गाणं गेलं. चाळीस गळे गेले, ऑर्गन गेला. नुसती खरखर.

गाण्याचा मध्य आला...

आणि खरखरीच्या खूप आतून, लांबून, मोठ्या रिकाम्या हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून यावी तशी, एका बाईची हाक आली.

'कोण राहिलं मागे?'

मामाने गाणं थांबवलं.

मग त्याने कामाच्या माणसासारखा विचार केला. टेप नीट पुसली गेली नसेल, जुना आवाज उमटला असेल. होतं असं. पण मग तो दोन्ही प्रतींत असता. आणि दोन्हीत असता तर वजा झाला असता. बरं, एकाच प्रतीत असेल म्हणावं, तर ती प्रत नुसती लावल्यावर ऐकू आला पाहिजे.

त्याने पहिली प्रत नुसती लावली. शांतता, आणि 'मी राहिले.'

दुसरी लावली. शांतता, आणि 'मी राहिले.'

दोघींची वजाबाकी लावली...

'कोण राहिलं मागे?'

मामाने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बराच वेळ ते नुसते बघत बसला. जनावर बघावं तसं.

संध्याकाळी घरी गेला. मामी मशीनवर होती. याचा चेहरा बघून म्हणाली, "काय हो, कुणी मारलं की काय?"

"तुझ्या ताईचा आवाज कसा होता गं?"

मशीन थांबली.

"आज काय अचानक?"

"सांग ना."

"खरखरीत. कौल घासल्यासारखा. पण हाक मारली की पोटात कालवायचं." मामीने दोरा तोडला. "का?"

मामाला खोटं बोलता यायचं नाही. त्याने सांगून टाकलं. मामी ऐकत होती. तिच्या हातातला अभ्रा खाली पडला, तो तिने उचलला नाही.

"मग?" ती म्हणाली. "पुढे काय म्हणाली?"

"पुढे काही नाही. एवढंच."

"पुढे आहे ना. पुढची ओळ तिचीच आहे." आणि मामीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ओळ गाऊन दाखवली. हळू, ओठांतल्या ओठांत.

'थांब तिथेच... येते न्यायला.'

मामाने खाली पडलेला अभ्रा उचलून मशीनवर ठेवला.

मामी मात्र हसायला लागली. डोळे भरलेले आणि हसत होती. "अहो, म्हणजे बघा ना. इतकी वर्षं मी तिला तेच सांगतेय. रेडिओवर, दुकानांत, लोकांच्या मयतीला. मी राहिले, मी राहिले. बिचारी हेलपाटे घालत असेल मला शोधत."

"गप बस. काहीतरीच बोलू नकोस."

"मला ऐकवा ना एकदा."

"नको."

"नको काय? तुमची कोण लागते ती? बहीण माझी आहे."

"नको म्हटलं ना."

"घाबरट मेले," मामी म्हणाली आणि मशीन सुरू केली. पण मशीनचा ताल चुकत होता. कानसेनला ते ऐकू येत होतं.

इथे कुणीही शहाणा माणूस काम सोडून देतो. मामाने सोडलं नाही. त्याचं म्हणणं, नोकरी होती, काम पुरं करायलाच हवं होतं. मला ते पटत नाही. आपल्या कानांना न कळणारी गोष्ट जगात आहे हेच त्याला सहन होत नव्हतं. पुरुषांचं हे असंच असतं. जळतंय कळलं तरी बोट घालून बघायचं.

त्याने छोटी रेकॉर्ड आणि मोठी रेकॉर्ड घेतली. मोठीत शेवट लांब आहे. वजाबाकी केली तर शेवटचा लांब तुकडा उरायला हवा.

उरला. पण त्याआधी, मध्यावर...

'धाकटे... कोण राहिलं मागे?'

धाकटे.

हा शब्द गाण्यात नाही. कधीच नव्हता.

आणि आवाज लांबून नव्हता. आवाज माइकपासून किती दूर आहे हे मामाला डोळे मिटून सांगता येतं, तो त्याचा धंदाच आहे. पहिल्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. आता हॉलच्या मध्यावर आली होती.

चालत येत होती.

घरी तो बोलला नाही. मामीने एकदोनदा विचारलं. मग म्हणाली, "नका सांगू. मला कळतं तुमच्या जेवणावरून." तेवढ्यावर थांबली.

मग ती शनिवारची दुपार.

ऑफिस अर्धं रिकामं होतं. मामाने रेडिओची आवृत्ती आणि ढोलवाली आवृत्ती जुळवली. शेवटची जोडी. हेडफोन चढवले. सुरू केलं.

ढोल. नुसता ढोल. त्याच्यामागे काही नाही.

मध्य आला. ढोल थांबला...

काहीच नाही.

मामाने श्वास सोडला. म्हणाला, संपलं एकदाचं.

आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की ही शांतता वेगळी आहे. आधीची शांतता मोठ्या हॉलची होती, उंच छताची, लाकडी बाकांची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. भिंती किती लांब आहेत, फरशी कसली आहे, सगळं तिच्यात ऐकू येतं. ही शांतता लहान खोलीची होती. भिंतीला टाइल्स. कोपऱ्यात एक फ्रिज, कुरकुर करणारा, मधेच उचकी दिल्यासारखा थांबणारा.

ती उचकी मामा रोज ऐकायचा.

त्याच्या स्वयंपाकघरातला फ्रिज होता तो.

मग पलीकडच्या खोलीतून शिवणाच्या मशीनची खडखड ऐकू आली. आणि अगदी जवळ, माइकला ओठ टेकवून बोलावं तसं...

'धाकटे... थांब तिथेच.'

मशीनची खडखड थांबली.

मामाने हेडफोन फेकले. फोन उचलून घरी लावला.

"काय हो?" मामी म्हणाली.

"काय करतेयस?"

"पडदे शिवतेय. का?"

"आत्ता मशीन थांबवलीस?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"का थांबवलीस?"

"कुणीतरी हाक मारली. स्वयंपाकघरातून. धाकटे म्हणून." तिचा आवाज घाबरलेला नव्हता. तेच मामाला सगळ्यात भयंकर वाटलं. "अहो, तो तसाच आवाज आहे. कौल घासल्यासारखा."

"ओ दिलीस का?"

"अजून नाही. बघून येते."

"जाऊ नकोस. ऐक माझं. ओ देऊ नकोस. जागची हलू नकोस. मी काय ते बघतो."

"तुम्ही काय बघणार?" मामी म्हणाली. "ओ तर मी केव्हाच दिलीय."

हे वाक्य मामाच्या डोक्यात घुसलं.

खरंच की. इतकी वर्षं, जिथे जिथे ती रेकॉर्ड वाजली तिथे तिथे मामी ओ देत होती. मेलेल्या माणसाला तीच एक ओ ऐकू येत होती आणि तिचा माग काढत ते येत होतं. आता स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. पुढचा उंबरा मामीच्या खोलीचा.

ओ देणं थांबलं की हाक मारणारा परत जातो, असं जुनी माणसं म्हणतात. मामाला तेवढंच आठवलं. रेकॉर्डी हजारो घरांत होत्या, त्या काही गोळा करता येणार नव्हत्या. पण सगळ्यांची आई एकच होती. मूळ टेप. तीच, जिला त्या हरामखोराने ब्लेड लावलं होतं. ती मामाच्या कपाटात होती.

मूळ टेपला ब्लेड लावायचं नाही. या धंद्यातला हा पहिला धडा. नक्कल काढायची आणि नक्कल कापायची. ज्याने थोरलीला कापलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मामा आयुष्यभर यावरूनच करत आला होता.

त्याने मूळ टेप मशीनवर चढवली. रिळं हाताने मागेपुढे फिरवली. हाताने फिरवलं की आवाज रेड्यासारखा जाड येतो, पण मामाला शब्द ओळखू येतात. 'मी' कुठे सुरू होतो आणि 'राहिले' कुठे संपतं. पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या. ब्लेड घेतलं.

पहिला काप. दुसरा काप.

हातभर टेप खाली पडली. त्याने टोकं चिकटपट्टीने जोडली.

'मी राहिले' कापलं गेलं.

मामा शब्दांचा माणूस नव्हता हो. आवाजांचा होता. 'राहिले' म्हणजे मागे सुटले, एवढंच त्याने ऐकलं. राहिले म्हणजे इथे राहिले, जगात राहिले, तुमच्याजवळ राहिले, असाही अर्थ होतो, हे त्याच्या ध्यानात आलं ते कापून झाल्यावर.

कापून झाल्यावर.

त्याने फोन लावला. उचलला गेला.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

पलीकडे काही नाही. बंद फोनची शांतता नव्हती ती. फ्रिजची कुरकुर येत होती. खालच्या मजल्यावरच्या पोरांचा गोंगाट येत होता. फक्त ज्या जागी मामीचा आवाज असायला हवा तिथे... काही नव्हतं.

मामा घरी कसा पोचला ते त्याला आठवत नाही. दार उघडंच होतं. मामी मशीनवर बसली होती. चाक फिरत होतं. सुई खालीवर होत होती. पडद्याचं कापड सरसर पुढे चाललं होतं.

आणि खडखड नव्हती.

मामीने मान वळवली. हसली. तिचे ओठ हलले, 'आलात?' एवढं मामाला ओठांवरून कळलं. ती उठली, पाणी आणलं, स्टीलचा पेला टेबलावर ठेवला. पेल्याचा आवाज झाला नाही. ती चालली, तिच्या चपलांचा आवाज झाला नाही. तिने कपाटाचं दार लावलं. ते दार गेली कित्येक वर्षं आपटल्याशिवाय लागत नव्हतं.

लागलं. आवाजाशिवाय.

मामाने तेच दार उघडून स्वतः लावलं. धाडकन वाजलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मोठ्या तोंडाच्या, मनाने चांगल्या. "काय वहिनी, मौनव्रत की नवऱ्याशी भांडण?" म्हणत त्यांनी छातीला नळी लावली. ऐकलं. नळी काढून तिच्यावर टिचकी मारली. पुन्हा लावली. मग स्वतःच्या छातीला लावली. मग पुन्हा मामीच्या.

मामीचा हात गरम होता. मामी त्यांच्याकडे बघून हसत होती.

"ही नळी बदलायला झालीय वाटतं," बाई म्हणाल्या. आवाज बसला होता त्यांचा. त्या परत आल्या नाहीत. अजून जिन्यात भेटल्या तर मामाकडे न बघता जातात.

मामाने तो कापलेला तुकडा परत जोडायचा प्रयत्न केला, हे सांगायला नकोच. ऑफिसात जाऊन आधी तो तुकडा नुसता वाजवून पाहिला. कोरा. फुंकर मारावी तसा थोडा 'हिस्स' आवाज, बाकी कोरा. मग छोटी रेकॉर्ड लावली. मोठी लावली. रेडिओची, ढोलवाली. सगळीकडे टाळ्या थांबतात, ऑर्गन थांबतो... आणि शांतता. मग टाळ्या सुरू.

तो छोट्या मालकाकडे गेला. म्हणाला, "त्यातली ओ गेली. सगळ्यांतून गेली."

"कसली ओ?"

"मी राहिले. मधे मुलगी म्हणते ते."

छोट्या मालकाने त्याच्याकडे काळजीने बघितलं. "कानसेन, सुट्टी घ्या थोडे दिवस. तिथे कुणीच काही म्हणत नाही. त्या शांततेवर तर गाणं गाजलं. लोकांनी पानं लिहिलीत त्या शांततेवर."

पेटी निघाली. बरी खपली म्हणतात. बापाने एका बहिणीला कापलं, मुलाच्या पेटीने दुसरीला. त्यांच्या दारात कुणी हाक मारायला जात नाही, ही या जगाची रीत आहे. मेलेल्यांनाही गरिबाचंच दार सापडतं.

मी मात्र लहानपणी ते गाणं ऐकलंय. मामीच्या मांडीवर बसून. तिने रेडिओ बंद करायच्या आत ते दोन शब्द ऐकलेत. मी शपथेवर सांगतो.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो. मामी दिसायला छान आहे. उलट जरा भरलीय. मशीन बिनआवाजाची चालते. कव्हरं शिवते, नीट शिवते. मी विचारलं, "कशी आहेस मामी?"

तिने एक बोट वर केलं. थांब, अशी खूण केली.

आणि मान शेजारी वळवून ऐकत राहिली. मधेच हसली. मग माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाली, 'बरी आहे.'

आधी दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं पुरं होऊ दिलं होतं तिने.

मी मामाला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "न्यायला आली होती ना ती? मग नेत का नाही?"

मामा पेले विसळत होता. मुद्दाम आपटून विसळत होता. "मलाही तेच कळत नाही," तो म्हणाला. "न्यायला आलेलं माणूस इतके दिवस बसून राहत नाही. कुणाची तरी तयारी व्हायची असेल तरच बसतं."

"कुणाची?"

त्याने नळ बंद केला.

आम्ही बाहेर आलो. मामी सोफ्यावर बसली होती. तिघं आरामात बसतील असा सोफा, आणि ती अगदी कडेला, सोफ्याच्या हाताला जवळजवळ टेकून, अंग चोरून. मामाने दाराजवळची लोखंडी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. गुडघे दुखतात त्याचे, त्या खुर्चीत त्याला नीट बसताही येत नाही.

"तिथे बस की सोफ्यावर," मी म्हणालो. "सगळा रिकामा आहे."

मामाने सोफ्याकडे बघितलं. मामीकडे बघितलं. मामी त्याच्याकडे बघून हसली, आणि आणखी थोडी कडेला सरकली.

"नको," मामा म्हणाला. "अजून माझी जागा झालेली नाही."